उद्घाटन न झालेली मॅट

आमच्या गावात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. पिशवीला रबर लावलेलं असतं आणि बटणं वरूनच दाबायची असतात. सोफा घेतला तर त्याच्यावरचं दुकानातलं प्लास्टिक तसंच ठेवतात, पाहुणा बसला की चर्र आवाज होतो. ट्रॅक्टरच्या सीटवरचं प्लास्टिक उन्हानं तडकतं, बसणाऱ्याच्या मांडीला टोचतं, तरी ते कोणी काढत नाही. विचारलं तर उत्तर एकच, नवं राहते. कोणासाठी नवं ठेवायचं, असं मी पुढे विचारतो, म्हणून गावात माझी ख्याती खवचट मास्तर अशी आहे. ती मला मान्य आहे.

मी भंडारा जिल्ह्यात, कोंढ्याच्या अलीकडच्या एका गावात पीटीचा मास्तर आहे. कागदोपत्री शारीरिक शिक्षक. म्हणजे गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की ज्याचा तास काढून घेतात तो, पंधरा ऑगस्टला ज्याच्या गळ्यात शिट्टी असते तो, आणि निवडणूक आली की ज्याला सगळ्यात आधी ड्युटी लागते तो. विद्यापीठाकडून मी कबड्डी खेळलेलो आहे. डाव्या हाताची करंगळी तेव्हा मोडली, ती अजून वाकडीच आहे. पगार मिळतो, त्यातून कर कापला जातो, आणि त्या कराचं पुढे काय होतं हे बघायची संधी मला घरबसल्या मिळाली. सगळ्यांना मिळत नाही.

सुरुवात एका अर्जापासून झाली आणि तो अर्ज मीच लिहिला. कबड्डी आता मातीवर राहिलेली नाही. तालुक्याच्या वर गेलं की सगळे सामने मॅटवर होतात. रबरासारख्या मऊ चौकोनी लाद्या असतात, एकीच्या दात्यात दुसरीचा दाता बसतो, अशा जोडत गेलं की मैदान तयार. त्यावर पाय अनवाणी चालत नाही, वेगळे बूट लागतात. मातीत वाढलेलं पोर मॅटवर गेलं की त्याला आपलेच पाय परके वाटतात. हे सगळं मी अर्जात दीड पानभर लिहिलं होतं. अर्ज गावच्या क्रीडा मंडळाच्या नावानं गेला, कारण अनुदान मंडळाला मिळतं, मास्तराला नाही.

या मंडळाचे अध्यक्ष आयुष्यात मैदानात उतरलेले नाहीत. उतरले असतील तर नारळ फोडायला. गाव त्यांना भाऊ म्हणतं. पांढरा पायजमा, खिशाला दोन पेन, आणि त्यातलं एकही चालत नाही. सही करायची वेळ आली की माझं पेन मागतात. बाकी माणूस हुशार आहे. कोणत्या खात्यात कोणती योजना आहे, कोणत्या साहेबाचा मेव्हणा कुठे बसतो, हे त्यांना तोंडपाठ. अर्ज मंजूर करून आणला त्यांनीच, हे मी नाकारत नाही.

मॅट एका टेम्पोत आली. प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेले गठ्ठे, वर सरकारी योजनेचं स्टिकर. गावात धानाचं एक जुनं गोदाम आहे, बरीच वर्षं रिकामं पडलेलं, मंडळाला वापरायला दिलेलं. खाली सिमेंटची सपाट जमीन, वर टिनाचं छप्पर, मुलींचं मैदान मावून वर चार पावलं उरतील एवढं मोठं. गठ्ठे तिथेच उतरवले. म्हणजे प्लास्टिक फाडायचं आणि जागच्या जागी लाद्या जोडायच्या, एवढंच काम होतं. दहा मुली आणि एक तास पुरला असता. मी खिशातून ब्लेड काढलंसुद्धा होतं.

"आत्ताच खोलू नोका सर," भाऊ म्हणाले. "साहेबाच्या हातानं उद्घाटन करू ना जी. मंग खेळो ना पोट्ट्या दिवसभर."

"साहेब कधी येतात भाऊ?"

"येते ना, या महिन्यात येते. मॅट काई पळून जाऊन रायली का?"

माल मिळाल्याची सही माझी झाली, कारण मंडळात लिहिता येणारे सगळे त्या दिवशी लग्नाला गेले होते. सही माझी म्हणून कुलपाची चावीही माझ्याकडे आली. पितळेची, जाडजूड, मी ती घरच्या किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवली. पुढचं दीड वर्ष ती माझ्या पँटच्या खिशात वाजत होती.

आता त्या मुलीबद्दल सांगतो. तिची आई आमच्याच शाळेत खिचडी शिजवते. बुद्धविहारामागे त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे, आणि विहारासमोरच्या मोकळ्या जागेत आमचा सराव चालायचा, माती चांगली म्हणून. सहावीत असताना ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिला परत पाठवणार होतो, इतकी काडी होती. तिनं चढाई केली आणि मी शिट्टी वाजवायची विसरलो. उजव्या कोपऱ्यातल्या मुलीला हात लावायची आणि डाव्या टाचेवर गर्रकन वळून मध्यरेषेकडे निघायची. पकडणाऱ्या मुली जिथे झेप घ्यायच्या तिथे ती नसायचीच. हे मी तिला शिकवलं नव्हतं. असं शिकवता येत असतं तर मी मास्तर झालो नसतो.

ती बारावीला पोचली तेव्हा तिचं सगळं ठरलेलं होतं. जिल्ह्याची निवड चाचणी, तिथून राज्याची स्पर्धा, तिथे खेळल्याचं प्रमाणपत्र, आणि त्या प्रमाणपत्रावर पोलीस भरतीत खेळाडूंच्या राखीव जागेतून अर्ज. ही साखळी तिला माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. वयोगट असा की ती चाचणी तिला एकदाच देता येणार होती. पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. तिची आई खिचडीचं पातेलं घासता घासता मला म्हणायची, "सर, खाकी अंगावर आली ना पोरीच्या, का मी हे पातेलं कोनाच्या तरी डोक्यात घालतो पाहा." कोणाच्या डोक्यात, हे तिनं ठरवलं नव्हतं, पण उमेदवार गावात भरपूर होते.

साहेब, म्हणजे आमचे आमदार, त्या महिन्यात आले नाहीत. पुढच्या महिन्यात यायचे होते, तर आचारसंहिता लागली. आचारसंहितेत उद्घाटन करता येत नाही, ते ठीक. पण उद्घाटन न करता नुसतं खेळता येतं की नाही, हा प्रश्न मी विचारला तेव्हा भाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी लग्नाआधी सून घरात आणा म्हणालो.

"तसं नसते ना सर. आपून आधी वापरली अन् साहेबाले समजलं, तं पुढच्या साली सभामंडप भेटन का आपल्याले?"

हे खरं कारण होतं. त्यांच्या लेखी मॅट खेळायला आलेलीच नव्हती, पुढचं अनुदान आणायला आली होती. एक गठ्ठा दाखवून दुसरा मागायचा, दुसरा दाखवून तिसरा. खेळाडू हा या सगळ्यात अडचण. त्यानं पाय ठेवला की वस्तू जुनी होते.

आचारसंहिता उठली तेव्हा कोनशिलेचं भांडण निघालं. दगडावर वरचं नाव कोणाचं, साहेबांचं की दुसऱ्या साहेबांचं. मॅट हलवता येणारी वस्तू, तिला कोनशिला कुठे बसवणार हा विचार कोणाच्या डोक्यात आला नाही. दगड भंडाऱ्याला कोरायला दिला, परत आणला, एक नाव खरवडलं, पुन्हा दिला. मग पाऊस, मग धानाच्या रोवणीचे दिवस, गावात माणूस मिळेना. मग दसरा.

दसऱ्याला जे झालं ते मी बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर तो मला खोटारडा म्हणेल. आमच्याकडे त्या दिवशी अवजारांची पूजा होते, नांगर, ट्रॅक्टर, शिलाई मशीन, ज्याचं त्याचं पोट ज्यावर चालतं ते. भाऊंनी मला गोदाम उघडायला लावलं. मला वाटलं, आला मुहूर्त. चार-सहा माणसं आत आली, गठ्ठ्यांना झेंडूची माळ घातली, प्लास्टिकवर हळदीकुंकू लावलं, समोर नारळ फोडला, उदबत्ती फिरवली. नारळाचं पाणी प्लास्टिकवरून ओघळलं ते भाऊंनी रुमालानं पुसून घेतलं, मॅट खराब होईल म्हणून. खोबरं वाटलं, आपट्याची पानं दिली-घेतली आणि म्हणाले, "लावा सर कुलूप." मी लावलं. त्या दिवशी मी घरी येऊन बायकोला हे इतकं रंगवून सांगितलं की ती पोट धरून हसली. मीही हसलो. आपण या लोकांपेक्षा किती वेगळे आहोत, याचा आनंद त्या हसण्यात होता.

त्याच आठवड्यात ती मुलगी माझ्याकडे आली. सराव संपला होता, बाकीच्या मुली सायकलींकडे गेल्या होत्या. ती पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभी राहिली.

"सर, एक दिवस खोला ना जी गोदाम. सक्काळी येतो आमी, आठच्या आत परत बांधून ठेवतो. कोनाले समजन?"

मी तिला समजावलं. काय समजावलं ते आजही शब्दन् शब्द आठवतं, कारण ते भाषण मला आवडलं होतं. सरकारी मालमत्ता असते, जबाबदारी असते, सही माझी आहे, उद्या काही झालं तर विचारणा मला होईल, नियमानं चालावं, महिनाभर थांब. तिनं मान हलवली. "हाव जी सर," म्हणाली आणि सायकलीकडे गेली. मला वाटलं, पोरगी समजूतदार आहे.

नियम मी पाळले, पण तिच्यासाठी काहीच केलं नाही असं कोणी म्हणू नये म्हणून बूट घेतले. भंडाऱ्याच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानांच्या ओळीच्या टोकाला खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे, तिथून मॅटचे बूट आणले, माझ्या खिशातून. निळे, खाली पिवळं रबर. दुकानदारानं कर लावून पावती दिली. त्याच दिवशी सकाळी शाळेत गणिताच्या सरांनी पेपर वाचून दाखवला होता की पदक आणणाऱ्या खेळाडूला सरकार बक्षीस देणार आणि त्या बक्षिसावर कर लागणार नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. कुणी म्हणालं, पाहा, देश बदलला. मी त्या पावतीकडे पाहत उभा राहिलो. पदक गळ्यात पडलं की कर माफ, आणि पदकापर्यंत चालत जायला लागणारे बूट मात्र करासकट. ही अक्कल कोणाच्या डोक्यातून निघते ते मला माहीत नाही, पण तो माणूस आमच्या भाऊंचा लांबचा नातेवाईक असावा.

खेळाडू झाल्यावर द्यायला सगळे तयार असतात. जिंकून आलेल्याला आमच्या जिल्ह्यात शाल मिळते, श्रीफळ मिळतं, चौकात फलक लागतो, आणि त्या फलकावर खेळाडूचा फोटो तिकिटाएवढा आणि शुभेच्छा देणाऱ्यांचे फोटो ताटाएवढे. साकोलीला एकदा एका धावणाऱ्या मुलीच्या सत्काराला मी गेलो होतो. पाच भाषणं झाली, तिला बोलायला कोणी सांगितलंच नाही. शेवटी तिच्या मांडीवर शालींचा ढीग होता आणि पायात तिच्या भावाची चप्पल. मी ते पाहून मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या घातल्या, जेवणाच्या रांगेत उभा राहिलो आणि बुंदीचे दोन लाडू खाऊन परत आलो.

तर बूट. मुलीनं ते हातात घेतले, वास घेतला, उलटे करून रबर दाबून पाहिलं. मी म्हणालो, मातीत घालू नकोस, तळ झिजेल, चाचणीपर्यंत नवे राहिले पाहिजेत. तिनं ते घरी नेले आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खुंटीला टांगून ठेवले. तिची आई मला कौतुकानं सांगायची, रोज काढून पाहते, पुसते, परत बांधून ठेवते. मलाही कौतुक वाटलं. रिमोटवर आणि सोफ्यावर हसणारा मी, मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

चाचणीच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं भंडाऱ्याला गेलो. ती, दुसऱ्या चार मुली आणि मी. बसस्थानकावरून दोन ऑटो करून मैदानावर पोचलो. मोठ्या हॉलमध्ये मॅट अंथरलेली होती, लाल-निळी, दिव्याखाली चमकत होती. आमच्या मुली दारातच थबकल्या. एकीनं वाकून बोटानं दाबून पाहिलं. शहराच्या शाळांच्या मुली मॅटवर लोळत होत्या, गप्पा मारत होत्या, आपल्या घरच्या ओसरीवर असल्यासारख्या.

तिनं पिशवीची गाठ सोडली आणि बूट घातले, पहिल्यांदा. दोन पावलं चालली, थांबली, माझ्याकडे पाहून हसली. "चिपकते सर," म्हणाली. मी म्हणालो, होते सवय. सवयीला वेळ कितीसा लागतो, असा माझा आव होता.

पहिल्या चढाईत तिनं बोनस घेतला. निवड समितीतल्या एका गृहस्थांनी शेजारच्याला कोपर मारून तिच्याकडे बोट दाखवलं, ते मी पाहिलं. माझी छाती फुगली. दुसऱ्या चढाईत ती उजव्या कोपऱ्यात गेली, हात लावला आणि नेहमीसारखी डाव्या टाचेवर वळली. मातीत टाच घसरते, त्या घसरण्यावरच तिचं सगळं वळण उभं होतं. मॅटवर टाच घसरली नाही. नवं कोरं रबर जागच्या जागी चिकटून राहिलं आणि तिचं अंग वळलं. गुडघा मधे सापडला. आवाज मला मॅटच्या बाहेर बसून ऐकू आला.

पंचांनी शिट्टी वाजवली. ती ओरडली नाही. मॅटवर पालथी पडून तिनं हात पुढे लांबवला, मध्यरेषेकडे, कारण तिचा दम अजून सुटला नव्हता. चार बोटं कमी पडली. मग तिनं डोकं खाली ठेवलं.

हॉलमध्ये बर्फ नव्हता. प्रथमोपचाराची पेटी होती, तिच्यात पिवळी पट्टी आणि संपलेला स्प्रे. एका पदाधिकाऱ्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं की खेळाडूच्या विम्याचा फॉर्म शाळेनं आधी भरायचा असतो. मी म्हटलं, आणि बर्फ कोणी भरायचा असतो? तो म्हणाला, सर, तुम्ही रागात आहात. दुसऱ्या मुलीला आत बोलावलं गेलं, खेळ पुढे सुरू झाला. आम्ही तिला ऑटोत आडवं घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गुडघा दाबून पाहिला, नागपूरला न्या म्हणाले, आतला अस्थिबंध गेला असावा. नागपूरला तेच सांगितलं. चालता येईल, जिना चढता येईल, धावायचं मात्र विसरा. राज्याची स्पर्धा गेली. नुसत्या साध्या भरतीत उतरायचं तरी धावावं लागतं, म्हणजे तीही गेली. खाकी गेली.

तिची आई नागपूरच्या दवाखान्याच्या बाहेर फरशीवर बसली होती. मी पोचलो तशी उठून उभी राहिली. "तुमी होते म्हणून पोरगी दवाखान्यात तरी पोचली जी सर," ती म्हणाली. "नाई तं कोन पाह्यते गरिबाकडे." मी चहा आणतो म्हणून टपरीकडे गेलो.

गावात परत आल्यावर मी भाऊंना चौकात गाठलं आणि चार माणसांत सुनावलं. मॅट दीड वर्ष गोदामात सडते आहे, पोरगी आयुष्यातून उठली, तुम्हाला सभामंडप पाहिजे, लाज वाटत नाही का, असं सगळं बोललो. माझा आवाज पानठेल्यापर्यंत जात होता. भाऊंनी ऐकून घेतलं, मग शांतपणे म्हणाले, "सर, दसरा सोडला तं मी कुलूप पाहाले कदी आलो तरी का जी?" मी त्यांना निर्लज्ज म्हणालो आणि घरी आलो. ते वाक्य मी त्यांच्या निर्लज्जपणाचा नमुना म्हणून पुढे चार जणांना सांगितलं, इतकं ते माझ्या डोक्यावरून गेलं.

आणि मग साहेब आले. दोन महिन्यांनी, एका शनिवारी दुपारी, तीन गाड्या घेऊन. गोदामाला रंग मारला होता. समई नवी, भंडाऱ्याहून आणलेली पितळेची. कोनशिला भिंतीला टेकवून ठेवली होती. आदल्या दिवशी मला गठ्ठे सोडून मॅट अंथरायचा हुकूम झाला, आणि मी प्लास्टिक कापलं तेव्हा खालच्या गठ्ठ्यांतून धानाचा भुसा आणि लाद्यांचा चुरा बाहेर आला. जुन्या धान-गोदामात उंदीर असणारच. एका लादीत त्यांनी गोल पोकळ करून घर केलं होतं आणि आत डोळे न उघडलेली पिलं होती. धड लाद्या जोडल्या तर अर्धं मैदान झालं. उरलेल्या अर्ध्यावर भाऊंनी सतरंजी टाकली आणि तिच्यावर खुर्च्या मांडल्या.

फीत कापायच्या कात्रीचं तबक धरायला कोणीतरी खेळाडू पाहिजे, असं भाऊंना सुचलं, आणि त्यांनी त्या मुलीला बोलावलं. मी म्हणालो, तिला बोलावू नका. पण ती आली. आईची पांढरी साडी नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून, जरा लंगडत. तबक तिनं दोन्ही हातांनी सरळ धरलं. साहेबांनी फीत कापली, टाळ्या झाल्या, त्यांनी कात्री तबकात ठेवताना तिच्याकडे पाहिलं.

"बेटा, तू पण खेळते का?"

"खेळत होती साहेब."

"अरे वा, छान," साहेब म्हणाले आणि फोटोसाठी वळले. कोनशिलेसमोर एक फोटो, मॅटवर एक, तोही बुटांसकट. दहा मिनिटांत गाड्या गेल्या. भाऊंच्या हातात सभामंडपाचा अर्ज तयार होता तो त्यांनी गाडीच्या काचेतून आत दिला, आणि सही माझ्या पेनानं केलेली होती.

माणसं पांगली. लोक खुर्च्या उचलत होते, कुणी समईतली वात विझवली. मुलीनं तबक खुर्चीवर ठेवलं, चपला काढल्या आणि मॅटवर गेली. मध्यरेषेपाशी वाकली, तिला वाकायला वेळ लागला, रेषेला हात लावून तो कपाळाला लावला, चढाईला निघताना लावतात तसा. मग तिथेच उभी राहून पायाच्या अंगठ्यानं लादी दाबत राहिली. मी कुलूप लावायला थांबलो होतो. जुडगा माझ्या हातात होता.

ती माझ्याजवळ आली. आवाजात राग नव्हता, मलाच नंतर वाटत राहिलं की असता तर बरं झालं असतं. वर्गात एखादं गणित अडल्यावर विचारावं तसं तिनं विचारलं.

"सर, चाबी तं तुमच्याचपाशी होती ना?"

"हो."

"मंग मी म्हटलं त्या दिवशी खोललं असतं, तं कोनाले समजलं असतं?"

भाऊंना, साहेबांना, आचारसंहितेला, कोनशिलेला, पेपरातल्या बातमीला, त्या विम्यावाल्या पदाधिकाऱ्याला, सगळ्यांना द्यायला माझ्याजवळ उत्तरं होती आणि आहेत. त्या सगळ्यांची मला आजही किळस येते आणि ती मी मागे घेणार नाही. पण मी गोदामाच्या मागचं पडकं कुंपण पाहिलं, सकाळी सहाला तिथून कोण जातं ते आठवून पाहिलं, भाऊ किती वाजता उठतात ते आठवलं. ती उत्तराची वाट पाहत उभी होती, आणि मी तिला खरं तेच सांगितलं. कोणालाच समजलं नसतं.